चौघांची शर्यत, तिसऱ्याची वेळ

सायकलिंग आणि स्पीड स्केटिंग या खेळांतील सांघिक पाठलागाच्या शर्यतीविषयी, म्हणजे ‘टीम परस्यूट’विषयी, ठाणे आणि नवी मुंबई येथील वाचकांकडून आलेल्या पत्रांना या अंकातील सदरात उत्तरे दिली आहेत. जागेच्या मर्यादेमुळे पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : दर रविवारी पहाटे पाम बीच रस्त्यावर सायकलस्वारांच्या रांगा जाताना मी पाहतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये चार जणांच्या संघांची शर्यत पाहिली, तेव्हा दोन गोष्टी कळल्या नाहीत. संघातील एक जण शेवटच्या फेऱ्यांत बाजूला होतो आणि तरीही तो संघ जिंकतो, हे कसे? आणि जो सर्वांत बलवान आहे त्यानेच सतत पुढे राहून इतरांना ओढून का नेऊ नये? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच नियमात आहे. या शर्यतीत चार सायकलपटू असतात, अंतर ४ किलोमीटर असते आणि २५० मीटरच्या धावपट्टीवर त्याच्या १६ फेऱ्या होतात. दोन संघ धावपट्टीच्या समोरासमोरच्या बाजूंवरून एकाच वेळी निघतात. संघाची वेळ मात्र पहिल्या सायकलपटूवर धरली जात नाही, चौथ्यावरही नाही. तिसऱ्या सायकलपटूचे पुढचे चाक रेषेला लागते त्या क्षणी घड्याळ थांबते. त्यामुळे पहिला कितीही वेगाने आला तरी तिसरा येईपर्यंत त्या वेगाला काहीच किंमत नसते, आणि तिघे एकत्र असतील तर चौथा शेवटपर्यंत टिकण्याची गरज नसते.

चौघांनी एका रांगेत का जायचे, हे हवेच्या विरोधामुळे ठरते. गुळगुळीत धावपट्टीवर ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर सायकलपटूची बहुतेक सगळी शक्ती हवा कापण्यात खर्च होते, आणि हा खर्च वेगाच्या प्रमाणात नव्हे तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा असेल तर हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे तेहेतीस टक्क्यांनी वाढते. पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर चाक ठेवणाऱ्याला मात्र आधीच फाटलेली हवा मिळते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या अशा रांगेची मोजमापे दिली आहेत: आघाडीवर असलेल्याला सरासरी ६०७ वॉट शक्ती लावावी लागत होती, दुसऱ्याला ४३० वॉट, आणि तिसऱ्या व चौथ्याला प्रत्येकी ३८९ वॉट. तिसऱ्या जागेवरचा माणूस आघाडीवरच्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश कष्टात तोच वेग राखतो. पाम बीच रस्त्यावर खाडीचा वारा तोंडावर असताना रांगेत शिरलेल्या कोणालाही हा फरक पहिल्या मिनिटातच पायांत जाणवतो.

आता बलवान खेळाडूकडे वळू. ६०७ वॉट हे काम उत्तम सायकलपटूलाही सहसा पावणेचार मिनिटे सलग जमत नाही. तो अर्धी फेरी, एक फेरी, फार तर त्याहून थोडे अधिक अंतर पुढे राहतो, मग मागे जाऊन दम घेतो आणि पुन्हा आपली पाळी आली की पुढे येतो. बलवान आणि त्याच्याहून कमी बलवान यांच्यातला फरक वेगात दिसता कामा नये, तो पाळीच्या लांबीत दिसावा. बलवानाने दीड-दोन फेऱ्या ओढावे, दुसऱ्याने अर्धीच ओढून मागे जावे, पण वेग दोघांच्या पाळीत सारखाच राहावा. बलवान गडी उत्साहाच्या भरात वेग वाढवतो तेव्हा तो मागच्यांना मदत करत नसतो, तो त्यांना मोडत असतो. कारण तिसऱ्याच्या पुढे एक मीटरची फट पडली की त्याला मिळणारा आडोसा कमी होतो आणि ती फट भरून काढण्यासाठी त्याने लावलेली शक्ती शेवटच्या किलोमीटरला कमी पडते.

चौथ्याचे बाजूला होणे हा बहुधा या हिशेबाचाच भाग असतो. निघताना उभ्या सायकलला वेगात आणण्याचे काम ज्याने केले, किंवा मध्यावर ज्याने एक मोठी पाळी ओढली, त्याच्याकडे शेवटापर्यंत पुरेल एवढी शक्ती उरणार नाही हे संघाला आधीच ठाऊक असते. त्याच्याजवळ जे आहे ते सारे शेवटच्या पाळीत काढून घेतले जाते आणि मग तो कललेल्या धावपट्टीवर वर सरकून बाजूला होतो. प्रेक्षकांना तो थकून पडलेला दिसतो, पण त्याने आपले काम पूर्ण केलेले असते. अंतिम रेषेच्या छायाचित्रात तो नसला तरी वेळेत त्याचा वाटा तिघांइतकाच असतो, असे मी मानतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणून मी टोकियो ऑलिंपिकचा पुरुषांचा अंतिम सामना पुन्हा पाहण्याचा आग्रह धरीन. हे सामने २०२१ मध्ये झाले. इटली आणि डेन्मार्क समोरासमोर होते आणि शेवटचा किलोमीटर सुरू झाला तेव्हा डेन्मार्क पुढे होता. तेथून फिलिपो गान्ना इटलीच्या रांगेत पुढे आला आणि त्याने आपली पाळी लांबवत नेली. त्याच्या ताकदीविषयी पुष्कळ लिहिले गेले. माझी नजर मात्र त्याच्या मागच्या दोघांवर खिळून राहिली. गान्नासारख्याने ओढायला घेतल्यावर त्याच्या चाकाला चिकटून राहणे हे स्वतः ओढण्याइतकेच कठीण काम आहे, आणि त्यांनी ते केले म्हणून ३ मिनिटे ४२.०३२ सेकंदांचा विश्वविक्रम झाला. डेन्मार्कची वेळ ३ मिनिटे ४२.१९८ सेकंद होती. अंतर एका सेकंदाच्या सहाव्या भागाएवढे.

चार मिनिटांची सीमा ऑलिंपिकमध्ये प्रथम ओलांडली ती २००० साली सिडनीत, जर्मनीच्या संघाने, ३ मिनिटे ५९.७१० सेकंदांत. तुम्ही पाहिलेल्या पॅरिसच्या स्पर्धेत २०२४ साली ऑस्ट्रेलियाने ३ मिनिटे ४०.७३० सेकंद असा तेव्हाचा विश्वविक्रम केला, म्हणजे उभ्या सुरुवातीसह सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटरच्या वर. सायकली, पोशाख, शिरस्त्राणे आणि धावपट्ट्या सुधारल्या हे खरेच, पण आघाडीच्या पाळ्या पूर्वीपेक्षा लांब झाल्या आणि त्यामुळे अदलाबदली कमी झाल्या, हेही तितकेच महत्त्वाचे कारण आहे. प्रत्येक अदलाबदलीत थोडा वेळ सांडतो.

प्रश्न : एका संघाने दुसऱ्याला मागून गाठले तर काय होते? — एक वाचक, बेलापूर

उत्तर : पदकाच्या लढतीत गाठले की शर्यत तेथेच संपते आणि गाठणारा संघ जिंकतो. तुल्यबळ संघांमध्ये हे क्वचित घडते, कारण गाठायचे म्हणजे अर्ध्या धावपट्टीचे अंतर भरून काढायचे. टोकियोत डेन्मार्क आणि ब्रिटन यांच्या पहिल्या फेरीतील लढतीत मात्र डेन्मार्कच्या आघाडीच्या सायकलपटूने मान खाली घालून जोर लावलेला असताना, आपल्या संघाच्या मागे पडलेल्या ब्रिटिश सायकलपटूला पाठीमागून धडक दिली आणि दोघेही पडले. पंचांच्या विचारविनिमयानंतर डेन्मार्कला अंतिम फेरीत प्रवेश मिळाला. वाऱ्याला छेदण्यासाठी मान इतकी खाली घालावी लागते की समोरचे फार थोडे दिसते, आणि या धावपट्टीवरच्या सायकलींना ब्रेक नसतात, हे लक्षात घेतले म्हणजे असा अपघात कसा होतो ते समजते.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र घोडबंदर रस्त्याने सकाळी सायकल चालवतो. पुढचा मागे येताना आमची रांग हमखास फिसकटते. धावपट्टीवरचे खेळाडू हे कसे करतात? आम्हाला तसा सराव करता येईल का? — एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : धावपट्टीवर पुढचा माणूस वळणाच्या तोंडाशी रांग सोडतो. २५० मीटरच्या धावपट्टीची वळणे चाळीस अंशांहून अधिक कललेली असतात. तो त्या उतारावर वर चढतो, चढताना त्याचा वेग आपोआप उतरतो, तेवढ्यात तिघे त्याच्या खालून पुढे निघून जातात, आणि उतरताना झोक्यासारखा गेलेला वेग त्याला परत मिळतो. पॅडल मारणे तो थांबवत नाही. थांबवू शकतही नाही, कारण या सायकलींना एकच पक्का गिअर असतो आणि चाक फिरते तोवर पॅडल फिरतच राहते. खरी कसोटी खाली उतरण्याच्या क्षणाची. शेवटच्याचे मागचे चाक पूर्ण पुढे जाईपर्यंत तो थांबला तर त्याला उशीर झालेला असतो. शेवटचा सायकलपटू बरोबरीला येत असतानाच त्याने खाली यायला आरंभ केला पाहिजे, तरच तो नेमका त्याच्या चाकामागे जाऊन बसतो.

तुमची रांग फिसकटण्याचे कारण मागे येणारा माणूस नसावा, असा माझा अंदाज आहे. बहुतेक गटांत चूक नव्याने पुढे आलेल्याची असते. पुढचा बाजूला झाला की मोकळी हवा अंगावर येते, वेग कमी झाल्यासारखा वाटतो, आणि तो नकळत जोर वाढवतो. त्याच वेळी मागे जाणारा दमलेला असतो, त्यामुळे त्याला शेपटाला धरून राहणे जमत नाही. नव्या आघाडीच्या गड्याने पहिली दहा-पंधरा सेकंदे वेग वाढवायचा नाही, फक्त होता तो राखायचा, एवढा एकच नियम पाळून पाहा. सायकलच्या छोट्या संगणकावर वेगाचा आकडा दिसत असेल तर त्या क्षणी त्याच्याकडे एकदा नजर टाकावी. मागच्यांनी पुढच्या चाकाकडे टक लावून पाहू नये. पुढच्याच्या खांद्याकडे आणि कमरेकडे पाहावे, कारण तो हलणार असेल तर ते तेथे आधी दिसते.

मात्र वीतभर अंतराचा सराव घोडबंदर रस्त्यावर करू नका, असे मी कळकळीने सांगतो. तेथे खड्डे आहेत, अवजड वाहने आहेत, आणि रांग सोडून उजवीकडे सरकणे म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत जाणे होय. एक-दीड मीटर अंतर ठेवले तरी वाऱ्याचा आडोसा बऱ्यापैकी मिळतो. पुढे वाकून कोपर टेकवण्याचे लांब हँडल गटात वापरू नये, कारण त्यावर हात असताना ब्रेक हाताशी राहत नाहीत. धावपट्टीची खरी गोडी चाखायची असेल तर पुण्यात बालेवाडीच्या क्रीडानगरीत सायकलिंगची धावपट्टी आहे, आणि दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात लाकडी, बंदिस्त धावपट्टी आहे. ठाणे आणि नवी मुंबई मिळून सायकल चालवणाऱ्यांची संख्या आज इतकी मोठी आहे की या भागात एक धावपट्टी असायलाच हवी, आणि ही मागणी तुमच्यासारख्यांनी लावून धरावी असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझी मुलगी ऐरोलीत इनलाइन स्केटिंग शिकते. बर्फावरच्या सांघिक शर्यतीचे चित्रण पाहताना तिने विचारले की मागची खेळाडू पुढचीच्या पाठीवर हात ठेवून तिला ढकलते, हे नियमात बसते का? मला उत्तर देता आले नाही. — एक पालक, ऐरोली

उत्तर : बसते, आणि मुलीने फार अचूक पाहिले आहे. सायकलिंगमध्ये सहकाऱ्याला ढकलले तर संघ बाद होतो. बर्फावर मात्र ते चालते, आणि गेल्या काही वर्षांत या एका गोष्टीने शर्यतीचे रूपच बदलले आहे.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये ही शर्यत २००६ साली तुरिन येथे आली. ४०० मीटरच्या बर्फाच्या पट्टीवर तिघांचे संघ धावतात, पुरुषांना ८ फेऱ्या आणि स्त्रियांना ६ फेऱ्या असतात, आणि वेळ तिसऱ्याचे स्केट रेषेला लागल्यावर धरली जाते. चौथा कोणी नसल्यामुळे येथे कोणालाच गळता येत नाही. पूर्वी बर्फावरही आघाडी पाळीपाळीने बदलत असे; पण तेथे कललेली वळणे नाहीत, त्यामुळे पुढून मागे जाणाऱ्याचा गेलेला वेग परत मिळवून देणारे काहीच नसते. तेव्हा अमेरिकेच्या पुरुष संघाने अदलाबदल जवळजवळ सोडून दिली. एकच जण सबंध शर्यतभर पुढे राहतो, आणि मागचे दोघे पाठीवर हात ठेवून आपली शक्ती त्याच्यापर्यंत पोहोचवतात. हवा कापण्याचे काम एकाचे, पण त्यासाठी लागणारा जोर तिघांचा, अशी ही वाटणी आहे. याच पद्धतीने अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे ३ मिनिटे ३४.४७ सेकंदांचा विश्वविक्रम केला. दोनच महिन्यांनी बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मात्र उपांत्य फेरीत रशियाच्या खेळाडूंच्या संघाने त्यांना हरवले, सुवर्णपदक नॉर्वेने नेले आणि अमेरिकेला कांस्यपदक मिळाले. युक्ती सर्वांनी पाहिली होती, आणि इतर संघांनीही ती उचलली होती.

ढकलणे दिसते तितके सोपे नाही. तिघांचे पाय एकाच तालात उजवे-डावे पडले पाहिजेत. ताल चुकला तर पाठीवरचा हात मदत करण्याऐवजी पुढच्याचा तोल घालवतो. हात कमरेच्या वर, मणक्याच्या जवळ सपाट टेकलेला असतो आणि जोर झटक्याने न देता सतत द्यायचा असतो. बीजिंगच्याच स्पर्धेत स्त्रियांच्या अंतिम शर्यतीत जपानच्या संघातील नाना ताकागी शेवटच्या वळणावर पडली आणि हातातोंडाशी आलेले सुवर्णपदक कॅनडाला गेले. एक पडली की तिघींची वेळ जाते. याउलट २०१० साली व्हँकुव्हरच्या स्पर्धेत उपांत्य शर्यतीत जर्मनीची आनी फ्रीसिंगर शेवटच्या सरळ भागात कोसळली, पोटावर घसरत गेली आणि तिने पाय पुढे फेकून स्केट रेषेपार नेले. जर्मनी अंतिम फेरीत गेला आणि तेथे जपानला अवघ्या ०.०२ सेकंदांनी हरवून सुवर्णपदक मिळवले.

मुलीला आणखी एक गोष्ट सांगा. तिच्या चाकांच्या स्केटिंगमध्येही ढकलण्याची कला आहे. रिले शर्यतीत एक खेळाडू आपल्या पुढच्या सहकाऱ्याला मागून ढकलूनच पाळी सोपवतो. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ३००० मीटर रिले शर्यतीत भारताच्या मुलींनी आणि मुलांनीही कांस्यपदक मिळवले. संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हीरल साधू आणि आरती कस्तुरीराज ही मुलींच्या संघाची नावे आहेत. मुलांच्या संघात आर्यनपाल घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. या शर्यतीचे चित्रण मिळाले तर तिला हाताकडे लक्ष देऊन पाहायला सांगा. घरी किंवा इमारतीच्या आवारात मात्र तिने हा प्रयोग करू नये. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, हेल्मेट आणि मनगटाचे, गुडघ्याचे, कोपराचे पॅड घालूनच तो शिकावा.

प्रश्न : आमच्या शाळेत स्केटिंगची तिघांच्या संघांची शर्यत ठेवण्याचा विचार आहे. संघासाठी सर्वांत वेगवान तीन मुले घ्यावीत का? आणि मागे पडणाऱ्या मुलाला इतर मुले बोल लावतील, याची भीती वाटते. — एक क्रीडाशिक्षिका, कोपरी, ठाणे

उत्तर : मॅडम, तुमची भीती रास्त आहे. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये यजमान दक्षिण कोरियाच्या स्त्रियांच्या संघात हेच घडले. दोघी पुढे निघून गेल्या, तिसरी बरीच मागे राहिली, आणि वेळ अर्थातच तिसरीची धरली गेली. शर्यतीनंतरच्या बोलण्यातून पुढच्या दोघी तिला दोष देत आहेत असे लोकांना वाटले आणि देशभर मोठा रोष उसळला. पुढे झालेल्या सरकारी चौकशीत त्यांनी हेतुपुरस्सर तसे केल्याचे आढळले नाही, पण तोवर तिघींनाही फार सोसावे लागले होते. खेळाच्या दृष्टीने पाहिले तर तेथे चूक उघड आहे: तिसरी मागे पडते आहे हे पुढच्यांना कळले नाही, किंवा वेळेत कळले नाही, आणि पुढे मिळवलेली प्रत्येक सेकंद वाया गेली.

निवडीविषयी मी निःसंदिग्धपणे सांगेन की केवळ वैयक्तिक वेळांच्या क्रमाने संघ निवडू नये. स्पीड स्केटिंगमध्ये नेदरलँड्सइतके वैयक्तिक विजेते कोणत्याच देशाकडे नाहीत. तरीही २००६ ते २०२२ या पाच ऑलिंपिक स्पर्धांत त्यांच्या पुरुषांना या शर्यतीत सुवर्णपदक एकदाच, २०१४ साली मिळाले. २००६ च्या उपांत्य फेरीत त्यांचा स्वेन क्रामर पट्टी आखणाऱ्या ठोकळ्यावर पाय पडून कोसळला होता. २०१८ मध्ये जपानच्या मुलींनी अंतिम शर्यतीत नेदरलँड्सला २ मिनिटे ५३.८९ सेकंदांत हरवले, तेव्हा एकेकटीची गुणवत्ता पाहिली तर डच मुली वरचढ होत्या. जपानी संघ मात्र वर्षाचा मोठा काळ एकत्र राहून, एकत्र सराव करून आला होता, आणि त्यांचे तिघींचे पाय पाहताना ते एकाच शरीराचे वाटत होते.

म्हणून निवडीची चाचणी तिघांना एकत्र धावायला लावूनच घ्या आणि घड्याळ तिसऱ्यावर थांबवा. वेगवान मुलाला सांगा की त्याची वेळ वेगळी लिहिली जाणार नाही. सरावात सर्वांत हळू मुलाला मधल्या जागेवर ठेवा, म्हणजे त्याला आडोसाही मिळतो आणि मागच्याला तो सतत दिसतो. तो सुटायला लागला तर मागच्याने मोठ्याने हाक द्यायची आणि पुढच्याने त्या हाकेवर वेग उतरवायचा, हे आधी ठरवून घ्या आणि त्या हाकेचाच वेगळा सराव करा. राखीव मुलालाही पहिल्या दिवसापासून संघाबरोबर धावू द्या आणि एखाद्या प्राथमिक फेरीत उतरवा. ऑलिंपिकमध्ये आधीच्या फेरीत धावलेल्या खेळाडूलाही पदक मिळते. जपानची अयाका किकुची २०१८ च्या उपांत्य शर्यतीत धावली, अंतिम शर्यतीत नव्हती, आणि सुवर्णपदक तिच्याही गळ्यात पडले. शाळेच्या प्रमाणपत्रांवरही चारही नावे असू द्यावीत.